एकतिसावं पान

७ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. मी ठीक आहे. तूही ठीक असशील असं धरून चालते, कारण फोन तू उचलत नाहीस आणि आई उचलते ती "हो, हो, बरी आहे ती" एवढं म्हणून ठेवून देते, जसा काही मी चुकीचाच नंबर लावलाय. म्हणून पत्र. फोनसारखं ते वाजून वाजून बंद पडणार नाही. फार तर तू फोडणार नाहीस.

पत्राला कारण म्हणशील तर खास काही नाही. गुणवत्ता सुधारणेच्या ज्या प्रशिक्षणाला मागच्या वर्षी माझं नाव लागलं होतं, ते एकदाचं सुरू झालं, हे आईने सांगितलं असेलच. एकूण बारा शनिवार, त्यातले आठ झाले. शिकवायला एक बाई बाहेरून येतात. त्यांचा आवाज इतका बारीक, की आम्हा मशीनवाल्या अर्ध्या बहिऱ्यांना पहिले दोन शनिवार काही ऐकूच आलं नाही. तिसऱ्या शनिवारी मीच उठून म्हटलं, "बाई, आम्हाला ओरडून घ्यायची सवय आहे, जरा मोठ्याने बोला." सगळ्या हसल्या. बाईसुद्धा हसल्या. आमच्या लाइनीवर देखरेख करणारे मास्तर नाही हसले.

बाईंची एक पद्धत आहे. कपड्यात दोष दिसला, की पाच वेळा 'का' विचारायचं. बाहीची शिलाई वाकडी का आली? कापड सरकलं म्हणून. ते का सरकलं? मशीनचा दाब सैल होता म्हणून. तो सैल का राहिला? मेकॅनिकने पाहिला नाही म्हणून. का नाही पाहिला? त्याला कुणी सांगितलंच नाही म्हणून. का नाही सांगितलं? सांगायला गेलं की आपल्यालाच बोलणी खावी लागतात म्हणून. शेवटच्या उत्तराखाली बाईंनी खडूने दोन रेघा मारल्या आणि म्हणाल्या, "हे खरं कारण. बाकीचे चार नुसते रस्ते." लहानपणी एका 'का'ला आई एक धपाटा द्यायची. इथे पाच 'का' विचारले की सर्टिफिकेट मिळतं.

पास झाले तर मशीनवालीची थेट गुणवत्ता प्रमुख होईन. स्वतःचं टेबल, कुलपाचा खण आणि पाठ असलेली खुर्ची. अकरा वर्षं बिनपाठीच्या स्टुलावर काढल्यावर नुसत्या त्या पाठीसाठीसुद्धा माणूस परीक्षा देईल. तू मला पहिल्यांदा या कारखान्यात आणलंस तेव्हा म्हणाली होतीस, "माझ्यासारखी मशीनवर म्हातारी होऊ नकोस." मी ते विसरले नाही. प्रशिक्षणाला जायची अट एकच होती, आधीच्या सहा महिन्यांत नावावर एकही चूक नको. माझी पाटी कोरी होती. तुला माहीतच आहे.

परीक्षेआधी प्रत्येकीला एक काम करून दाखवायचं आहे. मला बाईंनी सुयांची रजिस्टरं दिली. तुला हे सांगणं म्हणजे माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवणं, पण वर्गात इतक्यांदा घोकून घेतलंय की आता आपोआप तोंडातून येतं. सुई मोडली की मशीन बंद. सगळे तुकडे शोधायचे. ते सुईखोलीत न्यायचे, तिथे चष्मेवाली ते रजिस्टरच्या पानावर चिकटपट्टीने चिकटवणार, मशीनचा नंबर आणि वेळ लिहिणार, आपली सही घेणार, मगच नवी सुई. एक तुकडा जरी कमी पडला तरी आसपासचे सगळे गठ्ठे बाजूला, लाइन बंद, आणि आपलं नाव फळ्यावर. कपडे तान्ह्या मुलांचे, तेव्हा नियम बरोबरच आहे. तर मला वर्षभराची सगळी पानं भिंगाखाली बघायची आहेत. चिकटवलेला प्रत्येक तुकडा त्याच सुईचा आहे की नाही, ते तपासायचं. डोळ्यांचं पाणी पाणी होतं.

चष्मेवाली तुझी चौकशी करते. रोज नाही, पण करते. पंधरा वर्षांची तुमची मैत्री, एका डब्यात जेवायच्या तुम्ही, आणि तू जाताना तिच्याकडे बघितलंही नाहीस. तुझ्या रिळात जुन्या सुयांची टोकं लपवलेली आहेत हे साहेबांना तिनेच सांगितलं, असं सगळे म्हणतात. सगळे म्हणतात म्हणजे तसंच असेल असं नाही, एवढंच मी म्हणते. जाऊ दे तो विषय.

खोली तशीच आहे. खिडकीतून तीच कुंपणाची भिंत, नळ तसाच ठिबकतो. तुझ्या खाटेवर मी काही ठेवत नाही, फक्त इस्त्रीचे कपडे ठेवते. एकदा फोन ठेवता ठेवता आई म्हणाली, तू घरी बसून पिशव्यांना पट्टे शिवतेस. एकोणीस वर्षं ज्या हातांनी बाळांच्या गळपट्ट्या शिवल्या, अशा की आतून हात फिरवला तरी शिवण लागू नये, त्या हातांना जाड पट्टे. ऐकून कसंतरी झालं. कामावर घेऊ नये अशांची जी यादी गेटवर लावतात, तीत तुझं नाव अजून आहे. या भागातल्या सगळ्या गेटांवर आहे. मी मुद्दाम बघत नाही, येता-जाता दिसतं.

पाठ कशी आहे ते कळव. दोन ओळी चालतील.

तुझी,
भिंगरी

१९ एप्रिल

प्रिय ताई,

तुझं पत्र आलं! मोजक्याच ओळी, पण आल्या. मी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग चष्मेवालीला दाखवावंसं वाटलं आणि दाखवलं नाही.

आधी माझं सांगून टाकते, म्हणजे तुझ्यावर येता येईल. पास झाले. पहिली आले असं मी सांगत नाही, पण पहिली आले. सर्टिफिकेट काचेच्या चौकटीत दिलं. गुणवत्तेचं सर्टिफिकेट आणि चौकटीत वाकडं बसवलेलं! बाईंनी तिथल्या तिथे मागचे खिळे काढून ते सरळ केलं आणि मगच माझ्या हातात दिलं. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या, अगदी मोजक्या, हात दुखतील म्हणून असेल. सोमवारपासून मी टेबलावर आहे. खुर्चीला पाठ आहे, पण मी अजून पुढे वाकूनच बसते. सवय जात नाही.

रजिस्टरांचं काम चांगलं झालं. वर्षभरात तीस पानं अशी निघाली, की टोक एका सुईचं आणि बाकीचे तुकडे दुसरीचे. म्हणजे तीस वेळा कुणीतरी टोक सापडलं नाही म्हणून जवळ जपलेलं जुनं टोक देऊन पान पुरं केलं. सगळ्याच करायच्या हे, तुला नि मला काय नवीन. मला वाटलं होतं, अहवाल बघून कारखान्याचे साहेब म्हणतील, "ही एकट्या तुझ्या बहिणीची चूक नव्हती तर." तसं काही ते म्हणाले नाहीत. बघू.

तोंडी परीक्षेत बाईंनी एक प्रश्न आडवा टाकला. ज्यापायी तुझी नोकरी गेली, ते बाळाच्या कपड्यात निघालेलं टोक कितव्या नंबरच्या सुईचं होतं? मी म्हटलं, त्याची नोंद नाही. खरंच नाही. माल घेणाऱ्यांकडून टोकाचा नुसता फोटो आला होता, आणि तो कुणी नीट पाहिलाच नाही. बाई म्हणाल्या, "नोंद नाही हेच पहिलं उत्तर, पण शेवटचं नाही." मग पुढचा प्रश्न विचारला. निभावलं.

आता तुझं. ताई, तिकडे नवीन कारखाना निघाला आणि तू चाचणी देऊन आलीस, हे तू असं लिहितेस जसं काही बाजारातून बटणं आणलीस! अर्ध्या तासात बावीस गळपट्ट्या, एकही उसवावी लागली नाही. तिथल्या प्रमुखाने तुझ्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि "कुठे शिकलात?" म्हणून विचारलं. हे वाचून मी मोठ्याने हसले, एकटीच, टेबलावर. पुन्हा मशीन, पुन्हा लाइन, पुन्हा पगाराच्या दिवशी नवी चप्पल. आई तर आता शेजाऱ्यांना सांगत सुटली असेल.

फक्त आपल्या कारखान्याकडून तुझ्याविषयीचा फॉर्म भरून जायला हवा, असं तू लिहिलंस. "तू आता ऑफिसात आहेस, तेवढं बघ." बघते ना. तो फॉर्म येणार तो माझ्याच टेबलावर, गुणवत्ता प्रमुखाची सही लागते त्यावर. काळजी सोड. मशीनच्या उंचीला बसेल असं स्टूल आत्तापासून मागून ठेव, तिकडची नवीन स्टुलं उंच असतात म्हणे.

एक विचारलंस त्याचं उत्तर. चौकशीच्या वेळी मलाही आत बोलावलं होतं का म्हणून. हे तुला आत्ता कुणी सांगितलं? बोलावलं होतं. सगळ्यांनाच बोलावलं होतं. दोन मिनिटं. विशेष काही नाही.

आईला नमस्कार. तुला काय, तुला शाबासकी.

तुझी,
भिंगरी

१७ मे

ताई,

हे पत्र आईसमोर फोडू नकोस. आधी शेवट सांगते, म्हणजे वाचताना तू आशेवर राहणार नाहीस. नव्या कारखान्यातली तुझी जागा गेली, ती मी घालवली. वरून कुणीतरी घालवली असं मी आईला फोनवर सांगितलं ते खोटं होतं.

आता सुरुवातीपासून लिहिते. किती पानं होतील माहीत नाही.

मागच्या वर्षी, प्रशिक्षणाची यादी लागायला पाच दिवस असताना, जेवणाच्या सुट्टीआधी माझी सुई मोडली. तुला आठवत असेल, नसेल तर मी आठवण करून देते. दोन तुकडे मिळाले, टोक मिळेना. मी फरशीवर गुडघे टेकून शोधत होते. तू मशीन थांबवलंस आणि हळूच म्हणालीस, "नीट शोधलंस ना?"

"शोधलं गं, सगळीकडे."

"कपड्यात?"

"कपड्यात पण शोधलं."

मग तू रिळाच्या पोकळीतून एक टोक काढलंस आणि माझ्या तळहातावर ठेवलंस. मी ते घेऊन सुईखोलीत गेले, चष्मेवालीने चिकटवलं, मी सही केली. तुझं ते टोक चौदा नंबरच्या सुईचं, माझी सुई नऊ नंबरची. एक जाड, एक केसासारखी. पण तेव्हा भिंग घेऊन कोण बघत होतं?

कपड्यात मी शोधलं नव्हतं, ताई. सुई मोडली तेव्हा हातातलं झबलं मी गठ्ठ्यावर टाकलं आणि गठ्ठा पुढे सरकवला. पुढे म्हणजे तुझ्या टेबलावर. मग खाली वाकले. फरशीवर शोधताना चार लोकांना दिसतं, की ही शोधते आहे. गठ्ठा परत मागितला असता तर मास्तरांनी तिथेच विचारलं असतं, आणि पाच दिवसांनी यादीत माझं नाव नसतं. मला वाटलं, टोक फरशीवरच असणार, नेहमी तिथेच असतं. खरंच मला तसं वाटलं. पण वाटलं म्हणून मी बघितलं नाही, हेही तितकंच खरं. तू त्या झबल्याला गळपट्टी शिवलीस आणि माझ्या सुईचं टोक आत बंद झालं. शेवटी सुईचे तुकडे पकडणाऱ्या यंत्राखालून कपडे जातात तेव्हा ते का निघालं नाही, ते देवाला ठाऊक. त्या दिवशी यंत्र चालू होतं की नाही, याचीही नोंद नाही.

मग ती तक्रार आली. बाळाच्या मानेवरचा ओरखडा, चिघळलेला, त्याचा फोटो साहेबांनी सगळ्या लाइनीला दाखवला. पुढे ते बाळ बरं झालं असं म्हणतात. मी तो फोटो अजून डोळे मिटले की बघते. गठ्ठ्याच्या चिठ्ठीवरून गळपट्टी तुझी निघाली. तुझी सुई तर त्या आठवड्यात मोडलीच नव्हती. तुला तिथल्या तिथे कळलं असणार. तू माझ्याकडे एकदा बघितलंस आणि साहेबांना म्हणालीस, "मला माहीत नाही." मला वाटलं आता हे असंच विरून जाईल. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोण कुणाला चावणार?

पण मी चावले.

मला आत बोलावलं तेव्हा साहेब मला काहीच विचारत नव्हते. ते मास्तरांशी बोलत होते, मी नुसती उभी होते. साहेब म्हणाले, "आता एकच करायचं. वर्षभराची रजिस्टरं काढा, प्रत्येक टोक भिंगाखाली बघा. कुणाचं पान खोटं आहे ते दिसेल." आणि मी म्हणाले, "ताईच्या रिळात बघा."

तीन शब्द. ते मी नसते बोलले तर कुणी माझी जीभ ओढायला येणार नव्हतं. पण रजिस्टर उघडलं की माझं पान, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दहा मिनिटांत त्यांनी तुझं रीळ उलटं केलं, तीन टोकं पडली, आणि मग रजिस्टर उघडायची गरजच उरली नाही. एकोणीस वर्षं संपायला तेवढी तीन टोकं पुरली. तू सामान बांधत होतीस तेव्हा मी तुला घड्या घालून देत होते आणि म्हणत होते, "कुणी सांगितलं असेल गं?" तू म्हणालीस, "टोकं कुठे असतात ते एकट्या चष्मेवालीला माहीत होतं." एकट्या चष्मेवालीला! मी शेजारीच बसले होते, माझं नाव तुझ्या मनातसुद्धा आलं नाही. तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी तुझ्या ट्रंकेची कडी लावली.

त्या तीस पानांचं. ती तीस नव्हती, एकतीस होती. एकतिसावं माझं. ते भिंगाखाली बघितलं तेव्हा खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरी मी मागे वळून पाहिलं. जाड टोक, बारीक सुई, खाली माझी सही. मी पान उलटलं आणि अहवालात तीस लिहिलं. बाई पाच वेळा 'का' विचारायला शिकवत होत्या आणि मी चौथ्यापाशीच थांबत होते, ती माझी हुशारी. त्याच हुशारीला पहिला नंबर मिळाला. आणि तो अहवाल वाचून साहेब काय म्हणाले ते मागच्या पत्रात मी गिळून टाकलं. ते म्हणाले, "म्हणजे ही घाण तुझ्या बहिणीने सगळ्या लाइनीला लावली होती." तुझ्या एका दोषाचे तीस झाले. मी करायला गेले काय.

आता फॉर्म. तो मंगळवारी आला. 'या कामगाराविरुद्ध गुणवत्तेबाबत काही दोष सिद्ध झाला होता का?' पुढे होय आणि नाही असे दोन चौकोन. मी 'नाही'वर खूण केली, सही केली आणि साहेबांकडे पाठवला. तुझ्या शपथेवर सांगते, अगोदर मी 'नाही'च लिहिलं होतं. तासाभराने त्यांनी मला आत बोलावलं.

"फाइलमध्ये दोष सिद्ध आहे. तू 'नाही' कसं लिहितेस?"

"तिने ते केलं नव्हतं, साहेब."

"बरं. मग ते टोक कुणाचं होतं?"

बघ ताई, वर्षभर ज्या प्रश्नापासून मी पळत होते तो त्यांनी असा सहज, चहाचा कप हातात धरून विचारला. 'माझं' एवढंच म्हणायचं होतं. मी खिडकीकडे बघत राहिले. त्यांनी थोडी वाट बघितली, त्यांना तर वाटलं मी बहिणीच्या मायेने गप्प आहे. म्हणाले, "समजू शकतो मी. पण तुझी आता नवीन सही आहे, ती वाया घालवू नकोस. दुसरा फॉर्म घे." मी दुसरा फॉर्म घेतला, 'होय'वर खूण केली, सही केली, शिक्का मारला. शिक्का सरळ बसावा म्हणून कागदाखाली वही ठेवली. हे मी कशाला लिहिते कळत नाही, पण ती वही मला आठवते.

नंतर आईचा फोन आला. "नाही म्हणाले गं तिला. दोन दिवस झाले, मशीनवरचं फडकं काढलं नाही तिने. तू बघते म्हणाली होतीस ना?" मी म्हटलं, बघितलं होतं, पण वरून आलं. आई म्हणाली, "तू प्रयत्न केलास, तेवढं पुष्कळ झालं." फोन ठेवला आणि मी कोरे कागद काढून बसले.

दुसऱ्या दिवशी मी त्या नव्या कारखान्याच्या प्रमुखाला सगळं लिहून पाठवलं. टोक माझं, पान माझं, रिळाचं मी सांगितलं, फॉर्मवरची खूण खोटी. त्या पानाची नक्कलही जोडली. साहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी ते खणात ठेवलं असतं, म्हणून सरळ तिकडेच पाठवलं. सहा दिवसांनी त्या प्रमुखाचा फोन आला. माणूस वाईट नाही, आवाज शांत होता.

"बाई, तुम्ही म्हणता रजिस्टरवरची तुमची सही खोटी होती."

"हो."

"फॉर्मवरचीही खोटी होती."

"हो."

"मग या पत्रावरची खरी आहे, हे मी कशावरून धरू?"

"मी तिची सख्खी बहीण आहे हो."

"तेच तर," ते म्हणाले. मग म्हणाले, "त्यांची शिवण मला आवडली होती. पण आता ती जागा भरली आहे."

माझ्याजवळ खरं सांगायला होतं, आणि तो प्रत्येक दिवस मी दुसऱ्या कशाला तरी खर्चून टाकला. शेवटी काढलं तेव्हा ते चालेना. तुला जे एका दिवसात परत मिळालं असतं, ते मी उशीर करून करून नासवलं. मला याची लाज वाटते, ताई. लाज हा शब्दसुद्धा कमी पडतो, पण दुसरा मला येत नाही.

त्या प्रमुखाने माझं पत्र आपल्या साहेबांना पाठवलं. पाठवणारच. साहेब ओरडले नाहीत. पत्र पुढ्यात ठेवून म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." भिंतीवरचं सर्टिफिकेट त्यांनी ठेवून घेतलं, ते कारखान्याच्या खर्चाने झालं होतं म्हणे. मला त्याचं काही नाही. मी म्हटलं, "माझं ठीक आहे. पण आता ताईचं नाव तरी यादीतून काढा."

ते म्हणाले, "खोटं टोक तिनेच दिलं ना तुला?"

तू दिलंस, कारण मी म्हटलं होतं की कपड्यात शोधलं.

निघण्याआधी सुईखोलीत गेले. चष्मेवालीला सगळं सांगितलं, रिळाचंसुद्धा. ती चिकटपट्टी कापत होती, कापतच राहिली. वर न बघता म्हणाली, "वर्षभर मी विचार करत होते, की मी झोपेत बडबडले की काय." मग म्हणाली, "तिला सांग, फोन घे म्हणावं." माझ्याशी एवढंच बोलली. तिला फोन कर, ताई. तिचा काही दोष नाही.

गेटवर पहारेकऱ्याने मला थांबवलं. आतून चिठ्ठी आली होती. त्याने भिंतीवरची यादी काढून टेबलावर घेतली आणि माझ्यासमोरच लिहायला लागला. मला वाटलं, काही नाही तरी दोन नावांची अदलाबदल होईल, तुझं खोडतील आणि माझं लिहितील. तुझं त्यांनी खोडलं नाही. तुझ्या खालची ओळ रिकामी होती, तिथे माझं नाव लिहिलं. आडनाव एकच, म्हणून ते पुन्हा न लिहिता त्याने नुसत्या दोन बारक्या रेघा मारल्या. मग म्हणाला, "बरोबर आहे ना? बघून घ्या." मी बघून घेतलं. बरोबर होतं.

मी घरी येत नाही. तू ये म्हणालीस तरच येईन, आणि तू तसं म्हणावंस अशी माझी अपेक्षा नाही. आईला यातलं किती सांगायचं ते तू ठरव. माफी मागायला मी हे लिहिलेलं नाही. तुला कुणी हे असं का झालं म्हणून विचारलं, तर तुझ्यापाशी निदान पूर्ण उत्तर असावं, म्हणून लिहिलं.

तुझ्या पाठची बहीण